टँकरचा समुद्र

पुणे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय
आपण समुद्रसपाटीपासून किती वर आहोत.
खाली किती जाता येईल ते भोसरीत ठरतं,
आमच्या शेडमध्ये, कँटीनच्या मागे.

गुरुवारी पाणी नसतं. म्हणून त्या दिवशी
समुद्र टँकरनं आला, बाराशे रुपयांत.
चेंबरमध्ये सोडला. वर झाकण, चोवीस बोल्ट.
आत तो गोळा, पांढरा, तिघांना पुरेल एवढा.

दर दहा मीटरला एक बार. गणित सोपं आहे.
काटा चढत होता. मुनाफनं स्क्रूड्रायव्हरचं टोक
पोलादाला लावलं, मूठ कानाला,
गॅरेजवाले इंजिनाची नाडी बघतात तशी.
शहाण्णव बारला म्हणाला, "मॅडम, बोलला."
मीही ऐकलं.
टक्.
लांब कुठेतरी अडकित्त्यात सुपारी सापडावी तसं.
गेजला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

कंपनीचा सौमित्र घैसास, बुटांना एक डाग नाही,
म्हणाला, धातू कुरकुरतोच.
मी रजिस्टरात लिहिलं: ९६ ला आवाज. उघडून पाहावे. शिक्का नाही.
तो हसला. "शिक्का लागतो कुठे?"

खरंच, कुठे लागतो?
बॉयलरला लागतो. सोसायटीच्या लिफ्टला लागतो.
जत्रेतल्या पाळणेवाल्यालाही कचेरीत चकरा माराव्या लागतात.
हा गोळा भलत्याच देशाच्या झेंड्याखाली
कुणाच्याच नसलेल्या पाण्यात उतरणार,
आणि आत बसणारा प्रवासी नाही, 'मोहीम-सहकारी'.
अकरा पानांचा करार. मृत्यू हा शब्द चार वेळा,
त्यात एकदा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला.

ती चूक परचुरे बाईंनी शोधली.
एरंडवण्यातल्या, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त,
तळेगावचा प्लॉट विकून जागा घेतलेल्या.
गोळा बघायला आल्या, तळहात ठेवला त्याच्यावर,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
"जाऊ ना?"

अहवाल गोपनीय. सही मीही केली होती एक.
पार्किंगपर्यंत सोडायला गेले. एवढंच म्हणाले,
"टक् वाजलं तर वर या. कुणी काहीही म्हणो."
हे सांगणं होतं की सांगायचं टाळणं,
अजून ठरत नाही.

एकतीस तास संपर्क नव्हता.
टीव्हीच्या कोपऱ्यात प्राणवायूचे तास उतरत होते
धावफलकासारखे.
तीन देशांची विमानं. रात्री दोन चाळीसला फोन:
मॅडम, आवाज नेमका कुठून आला होता?
रजिस्टरला पहिल्यांदाच वाचक मिळाला.

पण ते खाली नव्हतेच.
टक् झालं होतं, बाई हटून बसल्या होत्या, वजनं सोडली होती,
आणि गोळा लाटांवर हेलकावत होता, यंत्रं भिजून मुकी,
झाकण फक्त बाहेरून उघडणारं.
एका मच्छीमार बोटीला दिसला. त्यांच्याकडे पाना होता.
मापाचा नव्हता.
सतरा बोल्ट, छिन्नी-हातोडीनं, एकेक.
दोघांना शुद्ध होती.
तिसरा सौमित्र.

आता समिती बसलीय. सूचना मागवल्यात, पाचशे अक्षरांत.
मी लिहिलं, झाकण आतूनही उघडावं.
पान्याचं माप बाहेर रंगवावं, हातभर मोठं.
शिक्का नसेल तर क्रेनवाल्यानं उचलू नये.
अक्षरं उरली. सव्वीस वर्षांचा होता,
हे सूचनेत बसत नव्हतं.

काल गुरुवार. टँकर उशिरा आला.
नवी कंपनी, नवा गोळा, या वेळी निळा.
परचुरे बाई रिक्षानं आल्या,
न विचारता खुर्ची ओढून चेंबरपाशी बसल्या.
मुनाफनं स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.
नव्वद. एक्याण्णव.
पंप थांबवून आम्ही सगळे
त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.